नसलेल्या चौथ्या मजल्याचा जोर

यावर तुमचा विश्वास बसणार नाही. बसला तर मलाच कमीपणा वाटेल. चाळीस वर्षं मी कीलुंग बंदरात नळ आणि पंपांची कामं केली, पण मासा जिन्यानं खाली गेला आणि नळीतून वर परत आला, हे काम माझ्या हातून एकदाच झालं. शपथेवर सांगायला मी तयार आहे. फक्त शपथ घ्यायला लावू नका.

गोष्ट मी परवा आमच्या गल्लीच्या तोंडाशी सांगितली, कचऱ्याच्या गाडीची वाट बघताना. पिवळी गाडी पियानोची धून वाजवत येते, दीड मिनिट थांबते, आणि तेवढ्यात आपली पिशवी आपल्या हातानं आत टाकायची. चुकली तर कालची मच्छी उद्यापर्यंत घरात. म्हणून सगळे पाव तास आधीच येऊन उभे राहतात. हातात कचऱ्याची पिशवी असलेला माणूस गोष्ट सोडून जात नाही. असा श्रोता देवळातसुद्धा मिळायचा नाही.

त्या दिवशी आमच्या इमारतीखाली न्याहारीचं दुकान चालवणारी श्यू-चू होती. दुसऱ्या मजल्यावरचे वू मास्तर होते, ते जन्मभर गणित शिकवून आता सगळ्यांच्या चुका काढतात. आणि बाजूला घडीच्या स्टुलावर थू चिन-शुई बसला होता. जहाजाच्या इंजिनावर काम करून गुडघे झिजवून बसलेला माणूस. माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, म्हणून मी त्याला शुई-को म्हणतो, थोरल्या भावाला म्हणावं तसं. मासा त्याचाच.

"साइहू, आज काय फेकणार?" श्यू-चूनं विचारलं. कारागिराला आमच्याकडे साइहू म्हणतात. ती म्हणते तेव्हा मात्र शिवी दिल्यासारखं वाटतं.

"फेकत नाही, सांगतो," मी म्हणालो. "शुई-कोच्या माशाचं."

"परत?"

"मागच्या वेळी गाडी लवकर आली होती."

तर शुई-को पाचव्या मजल्यावर राहतो. बायको गेल्यापासून एकटाच. तिचं नाव पाओ-यू. जाताना तिनं दोन गोष्टी मागं ठेवल्या: जिन्याच्या वळणावरची जाईची कुंडी, आणि खाऱ्या पाण्याच्या काचेच्या टाकीतला एक मासा. नारिंगी, अंगठ्याएवढा, अंगावर तीन पांढरे पट्टे. ती त्याला आ-किम म्हणायची. बोटावर कोळंबीचा तुकडा धरला की आ-किम पाण्यातून तोंड वर काढून घ्यायचा. एकवीस वर्षांचा होता. शुई-को त्याच्याशी जेवढं बोलतो, तेवढं पाओ-यूशी बोलला असता तर ती अजून दहा वर्षं जगली असती, असं श्यू-चू म्हणते.

"मी असं कधीच म्हटलं नाही," श्यू-चू म्हणाली.

"म्हटलंस," शुई-को म्हणाला. "पण खरं आहे ते."

माशाला दर आठवड्याला नवं पाणी लागतं. नळाचं नव्हे, समुद्राचं. जिवंत खेकडे ठेवणाऱ्या खानावळींना समुद्राचं पाणी पुरवणारा एक टँकर शनिवारी आमच्या गल्लीतून जातो. त्याचा ड्रायव्हर शुई-कोच्या ओळखीचा. तो श्यू-चूच्या दुकानामागच्या निळ्या पिंपात पाणी भरून द्यायचा. पुढचं शुई-कोनं बघायचं. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. एका हातात बादली, दुसऱ्या हातात कठडा, अशा आठ फेऱ्या. खारं पाणी गोड्या पाण्यापेक्षा जड असतं, हे त्याच्या गुडघ्यांनी मोजून ठेवलं होतं.

एका शनिवारी तो बादलीसकट पडला. हाड मोडलं नाही, पण त्याची मुलगी युए-लान ताओयुआनहून धावत आली. मुलगी गुणाची आहे, पण कपाळावर कायम सूचना लिहिलेली असते.

"बाबा, झालं तेवढं पुरे," ती म्हणाली. "मासा मत्स्यालयाच्या दुकानदाराला देऊन टाकायचा आणि तुम्ही माझ्याकडे चलायचं. मी खोली रिकामी करून ठेवलीय."

"खोलीत टाकी मावेल?"

"बाबा, माझ्या घरात नवरा जेमतेम मावतो."

शुई-को उठला. तो टाकीसमोर जाऊन उभा राहिला आणि मासा त्याच्यासमोर येऊन उभा राहिला. दोघंही तोंड उघडत मिटत होते. मला ते बघवेना. मी म्हणालो, "युए-लान, पाणी वर आपोआप आलं, याला एकही बादली उचलावी लागली नाही, तर?"

"आपोआप?"

"पंपानं. मी काय चाळीस वर्षं माशा मारल्या?"

ती विचार करून म्हणाली, "पुढच्या शनिवारी मी येईन. माझ्या डोळ्यांदेखत पाणी वर आलं पाहिजे. नाही आलं, तर रविवारी दुकानदार येऊन मासा नेईल."

म्हणजे एका शनिवारावर सगळं आलं.

मी पंपाच्या दुकानात गेलो. दुकानदारानं विचारलं, "कितवा मजला?" मी म्हणालो, "पाचवा." त्यानं बोटांवर मोजून पंप काढून दिला. आता यात चूक कुठं झाली, सांगा बघू?

"आपल्या इमारतीत चौथा मजला नाही," वू मास्तर लगेच म्हणाले. वर्गात पहिला हात वर करणाऱ्या मुलासारखे.

अगदी बरोबर. चार हा आकडा आमच्या भाषेत 'मरण' म्हटल्यासारखा ऐकू येतो, म्हणून कुणालाच नको असतो. बांधणाऱ्यानं तो गाळूनच टाकलाय. जमिनीलगतचा पहिला, मग दुसरा, तिसरा, आणि तिसऱ्यावर थेट पाचवा. पाटीवर पाचवा, पोस्टमनच्या तोंडी पाचवा, पाओ-यूच्या निधनाच्या पत्रिकेवर पाचवा. या इमारतीत सगळे नळ मीच बसवलेत, पण चाळीस वर्षांत मजले मोजायची वेळ कधी आली नव्हती. जो मजला जगातच नाही, त्याच्यासाठीसुद्धा मी जोर विकत आणला होता.

"मग पंपावर लिहिलेलं वाचलं नाहीत?" श्यू-चूनं विचारलं.

वाचलं. जोर जास्त आहे हे कळलं. पण माणसाच्या हातात जास्त जोराची वस्तू आली की त्याला परत करावीशी वाटते का? मी म्हटलं, कमी पडण्यापेक्षा बरं.

शनिवारी टँकर येऊन गेला. पिंप भरलं. त्यात पंप सोडला, वायर श्यू-चूच्या दुकानातल्या प्लगला लावली. नळी जिन्याच्या कठड्यावरून बांधत पाचव्यापर्यंत नेली, शुई-कोच्या दारातून आत घेतली आणि टाकीच्या काठाला लाल प्लॅस्टिकच्या दोरीनं बांधली. एका गाठीनं.

"एका?" शुई-को स्टुलावरून म्हणाला. हे त्याला नवीन नव्हतं, पण प्रत्येक वेळी तो विचारतो.

एका. ठरलं असं, की मी खाली पंप चालू करायचा, वर टाकी भरली की शुई-कोनं खिडकीतून पातेलं बडवायचं, मी बंद करायचा. युए-लान हातात मोबाइल घेऊन वरच उभी. मी बटण दाबलं. नळी अजगरानं उंदीर गिळावा तशी फुगत फुगत वर गेली. एक मजला, दोन मजले. मी कान लावून उभा. आणि नेमकी गल्लीत पियानोची धून सुरू झाली.

"देवा," वू मास्तर म्हणाले.

शनिवार होता. रविवारी गाडी येत नाही. आणि माझ्या घरी तीन दिवसांची माशांची डोकी साठली होती. तुम्ही सांगा, काय केलं असतंत? आमच्या गल्लीत एकदा लग्नाचा नवरदेव अंगठी घालता घालता पिशवी घेऊन पळाला होता. माझे पाय मला न विचारता निघाले. मी घरातून पिशवी उचलली, गाडीमागं पळालो, कोपऱ्यावर गाठली, पिशवी फेकली. वर शुई-को पातेलं बडवत होता म्हणे. मला पियानोखेरीज काही ऐकू येत नव्हतं.

परत आलो तेव्हा जिन्यातून पाणी येत होतं.

आता वर काय झालं ते युए-लाननं मला शब्दाशब्दाला सांगितलंय, तेही दोनदा, आणि दुसऱ्यांदा जास्त जोरात. नसलेल्या चौथ्या मजल्याचा जोर नळीच्या तोंडाशी पोचला आणि दोरीची गाठ सुटली. नळी उठली. देवळाच्या मिरवणुकीत ड्रॅगन नाचतो ना, तशी दिवाणखान्यात नाचायला लागली. आधी युए-लानच्या तोंडावर, मग भिंतीवरच्या पाओ-यूच्या फोटोवर, मग छतावर. पंख्यावर पडलेलं पाणी पंख्यानं चारी बाजूंना वाटलं. शेवटी नळी टाकीत पडली, टाकी काठोकाठ भरली आणि वाहायला लागली. आणि आ-किम, एकवीस वर्षांत ज्यानं काचेपलीकडे पाऊल टाकलं नव्हतं, तो काठावरून पाण्याबरोबर निघाला.

"पाऊल," वू मास्तर म्हणाले.

पर म्हणा. जमिनीवरून, उंबऱ्यावरून, दारातून बाहेर. जिन्यावर धबधबा. पाचव्यावरून तिसऱ्यावर. तिसऱ्या मजल्याच्या दारातल्या चपला त्याच्याबरोबर निघाल्या, अगदी जोडीजोडीनं, वरातीसारख्या. वळणावर पाओ-यूची जाईची कुंडी आडवी झाली. ती नंतर मी सावरली, माती परत भरली. दुसऱ्या मजल्यावर मास्तर दार उघडून उभे होते…

"मी उभा होतो," मास्तर म्हणाले, "पण मासा मला दिसला नाही."

"तुमचा चष्मा पाण्यानं भरला होता."

"हे मात्र खरं."

दुसऱ्यावरून पहिल्यावर, मागच्या दारातून, थेट निळ्या पिंपात! डुबुक! आणि तिथं काय? पंप चालूच. आ-किमनं वरचा रस्ता बघितला, अंग चोरलं, शिरला नळीत, आणि तीन मजले सरळ वर. मी प्लग ओढेपर्यंत तो आपल्या टाकीत परत. सगळी फेरी मिळून एक मिनिट वीस सेकंद.

श्यू-चूनं पिशवी खाली ठेवली. पिशवी खाली ठेवली की ती भांडायला मोकळी होते.

"साइहू, पंपाला आत पाती असतात. तुमचा मासा त्यातून गेला असता, तर वर माझ्या सूपमधले माशाचे गोळे पोचले असते."

"जुन्या पद्धतीचा पंप. पाती बोथट."

"नवा कोरा होता. माझ्या दुकानात खोका उघडलात."

"नव्या वस्तूला धार यायला वेळ लागतो."

सगळे हसले. शुई-कोही हसला. मला बरं वाटलं आणि मी पुढं सरकलो.

तर युए-लान ओलीचिंब. तिनं टॉवेलनं आधी आईचा फोटो पुसला, मग स्वतःला. ती ओरडली नाही; ती ओरडली असती तर मला आशा होती. "उद्या दुकानदार येईल," एवढंच म्हणाली.

रविवारी दुपारी दुकानदार जाळी घेऊन आला. टाकीत बघतो तर मासा कुठंच नाही. मी पुढं झालो आणि सांगितलं, अहो, जीव आहे तो, एवढा प्रवास झालाय, धसका घेतलाय. त्या मोठ्या दगडाच्या भोकात खोल जाऊन बसलाय. काढायचा तर दगड फोडावा लागेल. दुकानदारानं दगडाकडे बघितलं. पाओ-यूनं स्वतः पेंगहू बेटावरून आणलेला दगड. शुई-को मधे येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "दगड फुटणार नाही." त्याचा असा आवाज मी इंजिनखोलीतल्या गोष्टींत ऐकला होता, समोर पहिल्यांदाच.

युए-लान थकली होती. म्हणाली, "बरं. बाहेर येईपर्यंत राहू दे. पुढच्या शनिवारी मी परत येते."

एक आठवडा मिळाला! मला रात्री झोप नाही. पंप परत करावा का? पण मग डोक्यात आलं, दुकानदारानं पंप दिलाय तो चुकीचा नाहीच. तो एक मजला उंच आहे, एवढंच. आणि शुई-कोच्या डोक्यावर काय आहे? गच्ची! खरीखुरी, हाताला लागणारी. पाणी सरळ गच्चीवर जाऊ दे, तिथल्या पिंपात निवांत बसू दे, ऊन खाऊ दे. आणि तिथून करंगळीएवढ्या नळीनं, थेंबाथेंबानं, स्वतःच्या वजनानं खाली टाकीत उतरू दे. जोर चढायला वापरायचा, उतरताना पाण्याला मोकळं सोडायचं. नसलेला मजला मी असा कामाला लावला.

त्यासाठी एक पितळी जोड हवा होता. तो कीलुंगमध्ये मिळेना. सोमवारी मी रेल्वेनं तैपेईला गेलो, मंगळवारी ताओयुआनला.

"जोडासाठी दोन दिवस?" वू मास्तर म्हणाले.

"विशिष्ट जोड होता."

"मंगळवारी संध्याकाळी मी बघितलं तुम्हाला," श्यू-चू म्हणाली. "हातात थर्माकोलचा डबा होता. छातीशी धरला होतात, बाळंतिणीनं मूल धरावं तसा. जोडाला थर्माकोलचा डबा कशाला?"

"पितळ नाजूक असतं."

"पितळ!"

"समुद्राच्या हवेनं काळं पडतं. तुला काय कळतंय, तू अंडी तळ."

त्याच संध्याकाळी मी नळीचं माप घ्यायला शुई-कोकडे गेलो. तो चहा करायला आत गेला, मी टाकीपाशी माप घेत बसलो. आणि बुधवारी सकाळी, काय सांगू, आ-किम दगडातून बाहेर! थोडा बुजलेला. पण तोच. मधला पांढरा पट्टा एका बाजूला तुटलेला, ही त्याची जन्मखूण. हजारात एखाद्याला असते. शुई-कोनं मला खिडकीतून हाक मारली. मी वर गेलो. आम्ही दोघं किती तरी वेळ टाकीसमोर बसलो. त्यानं माशाला दोन्ही बाजूंनी निरखून बघितलं. मग म्हणाला, "साइहू, जेवून जा."

शनिवारी युए-लान आली. या वेळी मी प्लगपासून हललो नाही. पियानो वाजला, गाडी आली, गाडी गेली, माझी पिशवी माझ्या पायाशी तशीच. श्यू-चू साक्षीला आहे.

"आहे," ती म्हणाली. "वासासकट."

गच्चीवरचं पिंप भरलं, शुई-कोनं पातेलं बडवलं, मी बंद केलं. मग बारीक नळी सोडली. युए-लान खुर्ची घेऊन टाकीसमोर बसली. अर्धा तास झाला, एक तास झाला. टाकीतलं पाणी बोटभर चढलं आणि जमिनीवर थेंब नाही. तिनं वाकून जमिनीवरून हात फिरवला. कोरडी. मग तिनं माशाकडे बघितलं. "बारीक झाल्यासारखा वाटतो," ती म्हणाली. मी उगाचच नळीची गाठ तपासायला लागलो. शुई-कोच म्हणाला, "भ्यायल्यावर माणूससुद्धा बारीक होतो, बाळा."

ती उठली, बापाच्या गुडघ्यावरचं पांघरूण नीट केलं. "मी महिन्यातून एकदा येऊन बघणार," म्हणाली. "आणि गाठ दोन मारायच्या." एवढं बोलून संध्याकाळच्या गाडीनं ताओयुआनला परत गेली. एकटीच.

दोन वर्षं झाली या गोष्टीला. शुई-को त्याच्या पाचव्या मजल्यावर आहे, जो चौथा आहे. पाणी शनिवारी आपलं आपण वर जातं. आणि जिन्यानं गेलेला, नळीतून आलेला तो मासा अजून बोटावरची कोळंबी घेतो. "खोटं वाटत असेल तर वर जाऊन बघा," मी सगळ्यांना म्हणालो. "मधला पट्टा डाव्या बाजूला तुटलेला आहे की नाही!"

लांब कुठंतरी, बंदराच्या बाजूला, पियानो सुरू झाला. लोकांनी पिशव्या उचलल्या.

"उजव्या," शुई-को म्हणाला.

"काय?"

"आत्ताच्या माशाचा उजवीकडे तुटलाय, साइहू." तो स्टुलावरून उठला, स्टूल घडी करून काखेत मारलं. चेहऱ्यावर राग नव्हता, उलट इंजिनाचा एखादा स्क्रू सापडल्यासारखं समाधान होतं. "आ-किमचा डावीकडे होता. मला बुधवारी सकाळीच दिसलं. तुम्ही दोन दिवस हिंडून तुटक्या पट्ट्याचा मासा शोधलात म्हणून बोललो नाही. आणि पाओ-यूच्या कुंडीत माती परत भरताना तळाशी काय ठेवलंत, तेही मी विचारलं नाही. पण जाईला दोन वर्षं दुप्पट फुलं येतायत, हे तर सगळ्या जिन्याला दिसतंय."